दोन डाव्या अंगांची बोट

"बोट आपली नसते. हात तेवढा आपला."

माझे भाऊजी हे दिवसातून एकदा तरी म्हणायचे. रंधा खाली ठेवताना म्हणायचे, फळीवरचा भुसा फुंकताना म्हणायचे, आणि हाताला काही काम नसलं तर नुसतं भिंतीकडे बघूनही म्हणायचे. ताई सांगायची, "लग्नाला आठ दिवस झाले नव्हते. मी विचारलं, तुमच्या बोटीत मला कधी बसवणार? तर हेच म्हणाले. मी म्हटलं, बरं, निदान घर तरी आपलं आहे ना?"

घर भाड्याचं होतं. त्या आठवणीवर दोघंही म्हातारपणापर्यंत हसत आले.

यार्डात भाऊजींना नावाने कुणी हाक मारत नसे. ओळंबा म्हणत. एक तर ते तसेच सरळ होते, उभे राहिले की वरून दोरी सोडल्यासारखे. आणि दुसरं, सदऱ्याच्या खिशात पितळेचा ओळंबा कायम असायचा. त्याच्या वजनाने खिसा लोंबायचा. ताई वर्षातून दोनदा तो खिसा उसवून नव्याने शिवायची आणि आतून माझ्याकडच्या जाड कापडाचं अस्तर लावायची. मी त्याच यार्डात बोटींच्या गाद्या शिवत असे. पत्र्याच्या छपराखाली माझी शिलाई मशीन, शेजारी फोमचे ढीग, आणि भिंतीपलीकडे भाऊजींची सुतारशाळा. भिंत कसली, प्लायचा आडोसा. पलीकडून ठोकल्याचा आवाज थांबला की समजायचं, आता टोमणा येणार.

"काय मेहुणे, फुगली का गादी?"

"फुगली. तुमची फळी वाकली का?"

"फळी वाकेल. आम्ही नाही वाकत."

आज त्या जागेवर ट्रक उभे राहतात. खाडीचं पाणी तेवढं तिथंच आहे. पण राळेचा तो वास, डोळ्यांत पाणी आणणारा, गोड, अंगाला चिकटणारा, मला अजून कधी रंगाच्या दुकानासमोरून जाताना येतो आणि माझे पाय आपोआप हळू होतात.

एकतीस वर्षांत भाऊजींनी त्रेचाळीस बोटी बांधल्या. एकीतही ते समुद्रावर गेले नव्हते. सांगितलं तर लोकांना खरं वाटत नसे. पण बोट पाण्यात उतरायची त्या दिवशी पुढच्या बोटीचं लाकूड दारात येऊन पडलेलं असायचं, आणि बोटीत जागा असायची ती इंजिनवाल्याला, तांडेलाला, घेणाऱ्याच्या पाहुण्यांना. सुताराचं काम तोवर संपलेलं. भाऊजी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. बोट दीपस्तंभाला वळसा घालून दिसेनाशी झाली, की खिशातला ओळंबा एकदा चाचपायचे आणि परत फिरायचे. त्यांनी त्रेचाळीस बोटींच्या पाठी पाहिल्या. मनात काय असेल ते एका माणसाला ठाऊक होतं. ताईला. ती म्हणायची, "झोपेत यांचा बिछाना हलतो. जाताहेत कुठेतरी."

मग ती जोडबोट आली.

समुद्रापलीकडचे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. दोघंही निवृत्त. घर विकून उरलेलं आयुष्य पाण्यावर काढायचं त्यांनी ठरवलं होतं. शिडाची नव्हे, इंजिनाची बोट हवी होती, आणि ती दोन अंगांची. दोन लांब, अरुंद नावा शेजारी शेजारी, त्यांच्यावर पूल टाकावा तशी मधोमध बैठक, स्वयंपाकघर, सुकाणू. प्रत्येक अंगात मागे एकेक इंजिन, पुढे झोपायची खोली. अशी बोट डोलत नाही, कपातला चहा कपातच राहतो. त्यांच्या देशात ती बांधण्याचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून ती आमच्याकडे आली. यार्डाच्या बाईंनी, म्हणजे आमच्या मालकिणीने, नकाशांची गुंडाळी भाऊजींसमोर सोडली आणि विचारलं, "जमेल?"

भाऊजींनी नकाशा बघितला, मग छपराकडे बघितलं, मग म्हणाले, "छपरात मावणार नाही. एक अंग इथे बांधू, दुसरं पलीकडच्या शेडमध्ये. जोडायचं बाहेर, उघड्यावर."

वर्ष सगळं त्यात गेलं. डॉक्टरांची बायको दर आठवड्याला पडद्यावर दिसायची. बाईंच्या ऑफिसात टेबलावर पडदा, त्यात ती गोरीपान, पांढऱ्या केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई. तिची भाषा आम्हाला येत नव्हती. आमच्या बाई मध्ये बसून इकडचं तिकडे करायच्या. कपाटाची मूठ कशी हवी, गादीची शिवण कुठे नको, एवढं एवढं ती विचारायची. एकदा तिने टपालाने एक लाकडी ठोकळा पाठवला. सोबत चिठ्ठी होती. बाईंनी वाचून सांगितली: माझे गुडघे गेलेले आहेत, माझ्या थोरल्या बहिणीचे माझ्याहून गेलेले आहेत. ती वर्षातून चार महिने आमच्याकडे राहायला येणार, उजव्या अंगातली खोली तिची. आम्ही दोघी एवढीच पायरी चढू शकतो. याहून उंच नको.

भाऊजींनी तो ठोकळा हातात फिरवला. बोट-दोन बोटं उंच नव्हे, वीतभराला जरा कमी. त्यांनी तो बाकावर ओळंब्याशेजारी ठेवला आणि त्या दिवशी दुपारी ताई डबा घेऊन आली तशी तिला म्हणाले, "चढ."

"कशावर?"

"ठोकळ्यावर. गुडघा काय म्हणतो ते सांग."

ताईचे गुडघेही तेव्हा बोलायला लागलेच होते. ती चढली, उतरली, परत चढली. "म्हणतो, बाई शहाणी आहे."

त्या दिवसापासून ताई आमच्या यार्डाची गुडघेवाली झाली. नकाशात सात पायऱ्या होत्या, भाऊजींनी त्यांच्या दहा केल्या. प्रत्येक पायरी बसवली की डब्याच्या वेळी ताईने चढून बघायची. तिने मान हलवली की मगच खिळे पक्के व्हायचे. काम करणारे दोघं जोडीदार हसायचे. "ओळंबाशेठ, घरात विचारत नाही इतकं इथे विचारता."

"घरात पायऱ्या नाहीत," भाऊजी म्हणायचे.

डाव्या अंगाचं आतलं काम पुरं झालं, मग उजव्याचं सुरू झालं. दोन्ही अंगं जोडल्यावर आत वाकून अंधारात काम करावं लागतं, म्हणून पलंग, कपाटं, न्हाणी, पायऱ्या सगळं आधीच बसवून टाकायचं असं ठरलं होतं. जिथून पायऱ्या वर बैठकीत निघणार, तिथली भिंत तेवढी बंद ठेवायची, आणि अंगं जोडली की कापायची. आधी कापली तर नावेला पीळ पडतो.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी पडद्यावरून विचारलं. बोट तयार झाली की ती स्वतःच्या इंजिनांवर त्यांच्या गावापर्यंत न्यायची होती, अकरा दिवसांचा प्रवास. वाऱ्याचे दिवस लागायच्या आत. नव्या बोटीचं लाकूड वाटेत कुरकुरतं, दारं अडकतात, तेव्हा सोबत एक सुतार हवा. येईल का तुमचा मिस्त्री?

बाईंनी सांगितलं. भाऊजींनी हातातली पेन्सिल कानावर खोचली. मग म्हणाले, "त्यांना विचारा, अकरा दिवस म्हणजे नक्की अकरा ना? हिचा औषधांचा डबा मला भरून ठेवावा लागेल."

एवढंच. पण संध्याकाळी सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत आले, आणि त्या अर्ध्या तासाच्या रस्त्यात बोट आपली नसते हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. मी गादीच्या उरलेल्या निळ्या कापडाची एक पिशवी शिवली, खांद्याला अडकवायची, चार खिशांची. ताईने त्यात स्वेटर, दाढीचं सामान आणि आल्याच्या वड्या भरून ती खुंटीला लावली. प्रवासाला अजून सात आठवडे होते. पिशवी तेव्हापासून भरलेलीच लटकत होती. भाऊजी बाहेर जाता येता तिला हात लावायचे.

दोन्ही अंगं ज्या दिवशी शेडमधून गाड्यांवर बाहेर काढली, तो दिवस मला उन्हासकट आठवतो. दोन पांढऱ्याशुभ्र नावा, मध्ये बारा फुटांचं अंतर. जणू दोन बहिणी गप्पा मारायला समोरासमोर बसल्यात. भाऊजींनी दोन्हींच्या मधून दोरी ताणली, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं. एका केसाचा फरक नव्हता. त्यांचा सगळा अभिमान त्यातच होता. कुणी दोन होड्या मागितल्या तर ते अशा बांधायचे की मालकालाही आपली कुठली ते कळू नये. एकदा फर्मा, म्हणजे साचा, केला, मापाची काठी खुणा करून भिंतीला लावली, की पुढचं सगळं त्या काठीवरून. दुसरा नकाशा ते उघडतच नसत. "पहिल्यासारखंच तर आहे," म्हणायचे.

ताई डबा घेऊन आली. शिडीने डाव्या अंगात उतरली, दहा पायऱ्या चढली, वरच्या बंद भिंतीवर हात टेकवून म्हणाली, "छान." मग उजव्या अंगात गेली. मी बाहेरून तिच्या पावलांचे आवाज मोजत होतो. दहा. मग आवाज आला.

"अहो, ही भिंत कापली की मी कुठे निघणार?"

"कुठे म्हणजे? मधल्या बैठकीत."

"बैठक तर माझ्या पाठीमागे आहे. इकडे तुमचं कुंपण आहे."

भाऊजींनी हातातली दोरी खाली ठेवली.

"म्हणजे चहाचा कप घेऊन वर आले की मी थेट पाण्यात."

भाऊजी आत गेले. मी त्यांच्या मागे गेलो. ताई वरच्या पायरीवर भिंतीला टेकून उभी होती, आणि ती भिंत बाहेरच्या बाजूची होती. डाव्या अंगात पायऱ्या उजव्या भिंतीला होत्या, मधल्या बाजूला, बरोबर. उजव्या अंगातही त्या उजव्याच भिंतीला होत्या. जिथे पुढे समुद्र असणार होता. पलंग, कपाटं, न्हाणी, सगळं तसंच. आरशात दिसतं तसं उलट हवं होतं, आणि भाऊजींनी हुबेहूब बांधलं होतं. आयुष्यभर त्यांनी एकेकटी बोट बांधली होती. दोन मिळून एक असते अशी बोट त्यांच्या हाताला माहीत नव्हती.

बाई आल्या. त्यांनी दुसरा नकाशा आणला. त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, उलट बाजूने. भाऊजींनी ते वाचलं आणि नकाशाची घडी इतकी नीट घातली की बघवेना.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"सगळं काढून परत. नळ, तारा धरून. नऊ आठवडे."

"नऊ आठवड्यांनी वारा सुरू झालेला असेल. बोट स्वतः जाऊ शकणार नाही. मालाच्या जहाजावर चढवून पाठवावी लागेल." बाई थांबल्या. त्यांना पिशवीचं ठाऊक होतं, सगळ्या यार्डालाच ठाऊक होतं. "ओळंबा, ऐका. त्या अंगात पाहुणेच राहणार. मधल्या बाजूला एक उभी शिडी लावू. चार दिवसांचं काम. मी त्यांना सांगते, जागा वाचते म्हणून तशी केली. बोट वेळेवर जाईल. तुम्हीही जाल."

भाऊजी ठोकळ्याकडे बघत होते. तो ताईच्या हातात होता.

"उद्या त्यांच्याशी बोलायचं आहे ना," ते म्हणाले, "मीच सांगतो. तुम्ही फक्त त्यांच्या भाषेत करा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाई, भाऊजी, ताई आणि मी, असे आम्ही चौघं. पडद्यावर डॉक्टर आणि त्यांची बायको. भाऊजींनी उभं राहून सगळं सांगितलं. कुठे चुकलं, का चुकलं, कोणाचं चुकलं. बाईंनी तिकडे दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. पडद्यावरची बाई हसली, मान डोलावली.

भाऊजी म्हणाले, "बाई, तुम्ही सगळं सांगितलं नाहीत."

"सांगितलं की."

"सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या."

भाऊजींनी खाली वाकून आपली डाव्या पायातली चप्पल काढली. मग माझ्याकडे बघितलं. "मेहुणे, तुमची पण द्या. डावी." मी दिली. त्यांनी दोन्ही चपला पुसल्या, टेबलावर पडद्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेकीवर बोट टेकवलं. ही एक नाव. ही दुसरी नाव. मग उजव्या बाजूच्या चपलेवर ताईचा ठोकळा ठेवला, त्यावरून दोन बोटं चालवत वर नेली आणि टेबलाच्या कडेवरून खाली टाकली.

पडद्यावरची बाई पुढे वाकून बघत होती. मग तिचं हसू गेलं. तिने डॉक्टरांच्या खांद्याला हात लावून काहीतरी विचारलं. बाईंनी आता खरोखर सगळं सांगितलं, नऊ आठवडे, वारा, मालाचं जहाज, आणि उभ्या शिडीचंही. तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग ती एकच वाक्य बोलली.

"विचारताहेत," बाई म्हणाल्या, "मग मिस्त्री आमच्याबरोबर कसे येणार?"

भाऊजींनी चपला उचलल्या. माझी मला दिली. "त्यांना सांगा, त्यांच्या बहिणीला वर यायचं आहे. माझं काय."

ठरलेलं वाक्य येईल म्हणून मी वाट बघत होतो. ते आलं नाही. चप्पल पायात घालायला त्यांना जरा वेळ लागला.

घरी ताई त्यांच्यावर रागावली, पण चुकीसाठी नव्हे. "काल मी तोंड मिटून बसले असते तर?"

"तर ती म्हातारी पाण्यात गेली असती."

"शिडी लावणार होत्या ना बाई."

"तू चढली असतीस का शिडी?"

ताई उठली. तिने खुंटीवरची पिशवी काढून आल्याच्या वड्या तेवढ्या डब्यात ओतल्या आणि पिशवी परत लावली, स्वेटरसकट. स्वेटर काढायला तिचा हात धजला नाही, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

ते नऊ आठवडे भाऊजी आपलंच काम आपल्या हाताने उसवत होते. माझ्याकडे शिवण उसवायची म्हणजे धागा ओढला की झालं. लाकडाचं तसं नसतं. राळेने चिकटवलेली फळी सुटताना किंचाळते. जोडीदारांनी मदतीला हात घातला तर म्हणायचे, "काढायचं मी, लावायचं तुम्ही." माझ्या गाद्याही उलट झाल्या, एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी होत्या त्या सगळ्या परत शिवल्या. मी एकदाच आडोशापलीकडे हाक दिली, "काय भाऊजी, वाकलात का?"

बराच वेळ ठोकणं चालू राहिलं. मग आवाज आला, "किंचित."

मापाच्या काठीच्या मागच्या बाजूला त्यांनी नव्या खुणा केल्या. पुढे यार्ड बंद होईपर्यंत ती दोन तोंडांची काठी भिंतीवर होती.

बोट घ्यायला डॉक्टर, त्यांची बायको आणि ती थोरली बहीण, तिघंही आली. बहीण हातात काठी घेऊन चालणारी, ठेंगणी, सगळ्यांशी आपल्याच भाषेत बोलणारी. तिला कुणी काही समजावलं नव्हतं. ती उजव्या अंगात उतरली, खोलीतल्या गादीवर बसून दोनदा उसळली, आणि मग पायऱ्या चढून वर आली. एक, दोन, तीन. कठड्याला हात लावला नाही. दहाव्या पायरीवरून ती बैठकीत आली आणि समोर ताई उभी होती. दोघी एकमेकींच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. मग बहिणीने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून ताईला काहीतरी विचारलं, आणि ताईने, जणू शेजारीण विचारतेय अशा थाटात, उत्तर दिलं, "हो ना, गारठ्यात जास्त."

मालाचं जहाज खाडीबाहेर खोल पाण्यात उभं होतं. तिथपर्यंत बोट आपल्या इंजिनांवर जाणार, तिथे क्रेन ती उचलून वर घेणार. पाऊण तासाचा रस्ता. माणसं परत आणायला बंदराची लाँच मागून यायची होती. डॉक्टर भाऊजींचा हात धरून बोटीकडे दाखवू लागले. या, निदान एवढं तरी. पण बंदराचा माणूस तरंगायची जाकिटं मोजत होता. म्हणाला, "अजून एकच जागा. जाकीट एकच आहे."

भाऊजींनी जाकीट घेतलं. मी बघत होतो. त्यांनी ते उलटसुलट केलं, पट्टे सोडले आणि ताईच्या गळ्यात घातलं.

"हे काय?" ताई म्हणाली.

"लग्नानंतर आठ दिवसांत विचारलं होतंस ना."

"अहो, मी कशाला. तुम्ही जा."

"मी जाऊन तिथे काय बघणार? पायरी तू बघितलीस. तूच जा." त्यांनी पट्टा आवळला, ओळंबा सोडून बघावा तसं तिच्या खांद्यांकडे बघितलं. "सरळ उभी राहा."

ताईने घरून येताना ती निळी पिशवी खांद्याला लावून आणली होती. का, ते तिला विचारलं तर सांगता आलं नसतं. ती पिशवीसकट बोटीत चढली. हातातला जेवणाचा डबा तेवढा तिने भाऊजींकडे दिला. डॉक्टरांच्या बायकोने सुतारशाळेच्या बाकावरून उचलून आणलेला तो ठोकळा भाऊजींच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

बोट निघाली. अजिबात डोलली नाही. भाऊजी धक्क्याच्या टोकाला जातील म्हणून मी बाजूला सरलो. पण ते टोकाला गेले नाहीत. बोट शंभर हात गेली असेल नसेल, तर ते वळले आणि यार्डाच्या दिशेने चालू लागले, एका हातात डबा, एका हातात ठोकळा, पाठ नेहमीसारखी ताठ. खिसा लोंबत होता. शेडच्या दारात नव्या लाकडाची गाडी उभी होती.

मी धक्क्यावरून बघत होतो. आणि पाण्यावरून ताई बघत होती, मागच्या कठड्याला धरून, बोट दीपस्तंभाला वळेपर्यंत. समुद्राकडे तिने पाहिलंच नाही, असं ती अजूनही सांगते. बोटीतून भाऊजी फार लहान दिसत होते, म्हणते, पण चालताना एकदा त्यांनी डबा बगलेत धरला आणि मोकळ्या हाताने खिसा चाचपला, तेवढं तिला दिसलं.